वाकळेतले पैसे



"बचत करा" असे सांगणारे आपल्याला पुष्कळ भेटतात. ग्रामसभेत भेटतात, बँकेच्या मेळाव्यात भेटतात, शाळेच्या कार्यक्रमातही भेटतात. ऐकताना आपल्या मनात एकच येते, "बाबा, महिन्याच्या तेलामिठाला पुरत नाही, तिथं बचत कशाची करू?" मीही वीस-पंचवीस वर्षे हेच म्हणत आले.

माण तालुक्यात आमची तीन एकर जमीन आहे. त्यातली अर्धा एकर विहिरीवर भिजते, तीही पाऊस बरा झाला तर. बाकी सगळी आभाळावर. खरिपात बाजरी-मटकी आणि रब्बीत शाळू. दोन संकरित गाई, चार शेळ्या, दहा-बारा कोंबड्या. मालक आणि मी लोकांच्या रानातही कामाला जातो. एवढ्यावर घर चालते. तेव्हा तुम्हांला शहाणपण शिकवायला मी बसलेली नाही. माझ्या घरात एक गोष्ट घडली. ती घडल्यावर बचत म्हणजे काय, आणि काय नाही, हे मला कळले. तेवढे सांगायचे आहे.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, फार काटकसरी. काडेपेटीची काडी वाया गेली तरी त्यांचा जीव हळहळायचा. चुलीत निखारा असला की काडी ओढायचीच नाही, असा त्यांचा दंडक. लुगडे फाटले की त्याची वाकळ, वाकळ फाटली की तिचे पोतेरे. मी नवी नवरी होते तेव्हा मला हे कंजूषपणाचे वाटायचे. पुढे त्यांच्याच तोंडून ७२ च्या दुष्काळाची हकीकत ऐकली. १९७२ साली त्या पंचविशीच्या होत्या, आणि माझे मालक दोन वर्षांचे. मूल पाठीशी बांधून त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. कामावर मिळणारी सुकडी मुलाला भरवायच्या आणि स्वतः लाल मिलोची भाकरी खायच्या. त्या साली त्यांच्या कानातली सोन्याची फुले मोडली, ती पुन्हा कधी झाली नाहीत. "पोरी, येळ सांगून येत न्हाई," असे त्या म्हणायच्या. ज्या माणसाने असली वेळ पाहिली, त्याला काडीची किंमत असणारच.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये आत्याबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आम्ही घाबरून, जवळचा दिसला त्या खाजगी दवाखान्यात त्यांना नेले. पंचवीस हजार रुपये लागले. ते गावातल्याच एकाकडून शेकडा तीनने घेतले. जीव वाचला, पण बोलणे परत आले नाही. अंथरुणावर पडून असायच्या आणि अंगावर त्यांची ती जुनी वाकळ.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा बंद झाल्या, हे तुम्हां सर्वांना आठवत असेल. आमच्याकडे बाजरीचे आलेले पाचशेचे दोन कागद होते. तेवढ्यासाठी मालकांचा अख्खा दिवस बँकेपुढच्या रांगेत गेला. घरी तोच विषय. येणारा-जाणारा तेच बोलायचा, आणि हे सगळे बोलणे आत्याबाईंच्या अंथरुणाशेजारीच चालायचे.

त्या दिवसांत आत्याबाई फार बेचैन झाल्या. डावा हात हलायचा, त्याने वाकळ ओढायच्या. तोंडातून आवाज काढायच्या. मी जवळ जाऊन विचारायची, "आत्या, थंडी वाजतीया का?" आणि वाकळ त्यांच्या गळ्यापर्यंत ओढून, कडा नीट खोचून द्यायची. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचे. मला वाटायचे, दुखण्याने येत असेल.

जानेवारी २०१७ मध्ये त्या गेल्या. माती, दहावे, तेरावे, पाहुणेरावळे यांत आणखी पंधरा हजार झाले. तेही त्याच माणसाकडून, त्याच व्याजाने.

त्याच वर्षी, घट बसायच्या आधी मी घरातल्या वाकळा धुवायला विहिरीवर नेल्या. आपल्याकडची रीतच आहे ती. आत्याबाईंची वाकळ भिजवून दगडावर आपटली तेव्हा एका कोपऱ्यात काही टणक हाताला लागले. टाके उसवून पाहिले. खताच्या पोत्याच्या आतला प्लास्टिकचा कागद होता, आणि त्यात घडी घातलेल्या नोटा. पाचशेच्या एकोणीस, हजाराच्या तीन, शंभराच्या सात. तेरा हजार दोनशे रुपये. पाण्याचा थेंबही आत गेला नव्हता.

मालक नोटा घेऊन बँकेत गेले. तिथल्या माणसाने समजावून सांगितले की जुन्या नोटा भरायची मुदत ३० डिसेंबर २०१६ ला संपली. शिवाय असल्या दहापेक्षा जास्त नोटा जवळ बाळगणे आता कायद्याने गुन्हा आहे. मालक संध्याकाळी घरी आले आणि उंबऱ्यावर बसून राहिले. शंभराच्या सात नोटा तेवढ्या चालणाऱ्या होत्या. साडेबारा हजारांचा कागद झाला होता.

पुढे किराणा दुकानदाराकडून कळले. अंडी विकून, खुरपायला जाऊन, सरकारी पेन्शनमधून मिळालेले सुट्टे पैसे साठले की आत्याबाई त्याच्याकडून मोठी नोट करून घ्यायच्या. "माझ्या मातीला ठेवत्ये. पोराला कर्ज नको व्हायला," असे म्हणायच्या. आणि त्याच मातीसाठी आम्ही शेकडा तीनने कर्ज काढले होते.

जुन्या नोटा मी चुलीत घातल्या. पाचशेची एक तेवढी ठेवली. ती कुठे ठेवली, हे शेवटी सांगते.

आत्याबाईंचे काय चुकले?

मी पुष्कळ दिवस विचार केला. पैसे साठवण्यात आत्याबाई चुकल्या नाहीत. ज्या घरात काही उरत नाही म्हणून मी रडत होते, त्याच घरात त्यांनी तेरा हजार साठवून दाखवले. म्हणजे अल्प मिळकतीतही बचत होते, याचा पुरावा माझ्या हातात होता. चुकले ते दुसरेच. तो पैसा मुका होता. तो कुठे आहे, किती आहे, कशासाठी आहे, हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते. त्यांची वाचा गेली आणि पैशाचीही वाचा गेली.

आणि आपला दोष मी का लपवू? त्यांना लपवावे का लागले? घरात सांगितले तर पैसा कुठल्या तरी खर्चात जाईल, ही भीती त्यांना होती. ती भीती खोटी नव्हती. आमच्या घरात आलेला पैसा कधी ठरवून खर्च व्हायचा नाही. ज्याचा हात आधी पोचेल त्याचा तो. असल्या घरात म्हातारे माणूस पैसे वाकळेत शिवते, सून डाळीच्या डब्यात ठेवते, आणि नवरा खिशात ठेवून सांगत नाही. तिघेही बचत करतात, पण घराची बचत होत नाही. तुमच्या घरात असे नसेल तर चांगलेच आहे. पण एकदा तपासून पाहा.

आधी वही

२०१८ च्या संक्रांतीपासून मी शंभर पानी वही घातली. धाकटी मुलगी लिहायची, आम्ही सांगायचो. एक महिना काहीच कमी करायचे नाही, फक्त लिहायचे, असे ठरवले. ही गोष्ट महत्त्वाची आहे. पहिल्याच दिवशी "हे बंद, ते बंद" केले की घरात भांडण होते आणि वही चुलीत जाते.

महिना संपल्यावर आम्ही बेरीज केली. मालकांचा फाट्यावरचा चहा आणि तंबाखू मिळून रोजचे वीस, म्हणजे महिन्याचे सहाशे. मुलांच्या बिस्किटांच्या पुड्यांचे तीनशे. माझ्याही नावावर कमी नव्हते. चहापूड, साबण, शाम्पू सगळे पाच-दहा रुपयांच्या पुड्यांनी. सुट्टी पुडी हाताला स्वस्त वाटते, पण महिन्याला तीच महाग पडते. आणि एकाच कामासाठी तालुक्याला तीन-तीन खेपा. कधी दाखला विसरला, कधी साहेब जागेवर नाही, म्हणून एसटीचे भाडे तिप्पट.

मी मालकांचा चहा बंद केला नाही. दिवसभर रानात राबणाऱ्या माणसाने चार माणसांत बसून एक कप चहा प्यायला तर तो काही गुन्हा नाही. पण तीन वेळांचा एक वेळ झाला, तो त्यांनीच आकडा पाहून केला. चहापूड आम्ही अर्धा किलोची एकदम घेऊ लागलो. गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा तीन घरे मिळून घेतो आणि वाटून घेतो. तालुक्याला जायचे तर आठवडी बाजाराच्या दिवशीच, आणि सगळ्या कामांचा कागद करून. पोटाला चिमटा न घेता महिन्याला पाचशेच्या वर वाचले.

दुकानाची उधारीही वहीनेच दाखवली. उधारीवर घेताना आपण भाव विचारत नाही आणि वजनही पाहत नाही. देणेकरी कुठल्या तोंडाने विचारणार? रोखीने घेणारा मात्र चार ठिकाणी विचारतो. आमची मागची उधारी फिटायला पाच महिने लागले. तेव्हापासून जेवढे पैसे तेवढाच किराणा.

आधी बाजूला, मग चुलीला

नोकरदाराला महिन्याचा पगार असतो. आपला पैसा मात्र आळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा. कधी एकदम येतो, कधी चार महिने दिसत नाही. म्हणून "महिन्याला इतके वाचवा" हा उपदेश आपल्याला लागू पडत नाही. आपण ज्या वाटेने पैसा येतो त्या वाटेवरच नाका बसवावा. आम्ही तसेच केले.

दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. पेंडीचे कापून आमच्या हाती पंधराशे-सोळाशे येतात. त्यातले दीडशे घरी येण्याआधीच बाजूला काढायचे. वर्षात असे छत्तीस पगार होतात. दीडशे गुणिले छत्तीस, पाच हजार चारशे. एकदम कोणी पाच हजार चारशे मागितले असते तर आम्ही हातच जोडले असते. गाय आटते त्या दिवसांत हे थांबते, हे खरे. पण तेव्हा शेळीचे करडू किंवा अंडी त्या जागी धरायची.

शाळूची पट्टी आली की तिचे चार भाग करतो. पहिला पुढच्या पिकाच्या बी-खताचा, दुसरा देण्याचा, तिसरा घराचा आणि चौथा ठेवणीचा. भाग सारखे नसतात. वाईट साली ठेवणीचा भाग दोनशे रुपयेही असतो. पण भाग असतो. बोकडाचा पैसा मात्र रोजच्या खर्चाला लावायचा नाही, हा आमचा नियम आहे. तो मोठ्या कामाचा.

उरले तर ठेवू, असे म्हणणाऱ्याच्या घरी कधीच उरत नाही. हे मी वीस वर्षे अनुभवून सांगते. आधी ठेवले तर उरलेल्यात कसेबसे भागते, हेही अनुभवूनच सांगते.

कणगीतली बचत

बचत म्हणजे नोटाच असे नाही. पूर्वी आम्ही शाळूची रास झाली की गरजेपोटी बरीच ज्वारी विकायचो. तेव्हा सगळ्यांचाच माल बाजारात येतो आणि भाव पडलेला असतो. श्रावणात तीच ज्वारी चढ्या भावाने दुकानातून आणायचो. आपलीच ज्वारी स्वस्त विकायची आणि महाग विकत घ्यायची! आता वर्षाला लागणारी सहा-सात पोती आधी बाजूला ठेवतो. उन्हात कडकडीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवली की वर्षभर खाता येते. विकायचे ते त्यानंतरचे.

बियाण्याचेही तसेच. आमच्याकडे मालदांडी शाळू असतो. हा सुधारित वाण आहे, संकरित नाही, म्हणून त्याचे बी घरचे धरता येते. उभ्या पिकातली चांगली, टपोरी कणसे निवडायची, वेगळी मळायची आणि पेरताना किलोला चार ग्रॅम गंधक चोळायचे, म्हणजे काणी येत नाही. संकरित बाजरीचे मात्र असे चालत नाही, ते बी दर साली नवे घ्यावे लागते. कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हे कळणे हीही काटकसरच.

न्हाणीच्या सांडपाण्यावर दोन शेवगे, एक कढीपत्ता, वेलाची घोसाळी आणि चार वांगी असली की आठवड्यातले तीन दिवस भाजीला पैसे लागत नाहीत.

भोक बुजवल्याशिवाय घागर भरत नाही

डोक्यावर कर्ज असताना बचत करावी की कर्ज फेडावे, असा प्रश्न पुष्कळ जणी विचारतात. हिशेब करून पाहा. आमचे चाळीस हजार शेकडा तीनने होते. म्हणजे महिन्याला बाराशे आणि वर्षाला चौदा हजार चारशे व्याज. तेच चाळीस हजार बँकेत ठेवले असते तर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास मिळाले असते. मग बँकेत पैसे ठेवून सावकाराचे व्याज भरणे हे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतण्यासारखेच नाही का?

२०१८ च्या बकरी ईदच्या बाजाराला आम्ही दोन बोकड आणि एक कालवड विकली, साठवलेले त्यात घातले आणि एकदाचे मुद्दल फेडले. तोवर दोन वर्षांत नुसते व्याजच साडेसव्वीस हजार गेले होते. २०१४ च्या कायद्याप्रमाणे सावकाराला परवाना लागतो आणि व्याजाचा दर सरकार ठरवते. शेकडा तीन महिना त्यात कुठेच बसत नाही. पण अडल्या वेळी कायदा कोण विचारतो? म्हणूनच अडायची वेळ येण्याआधी तयारी हवी. अडलेच तर आधी सोसायटी, मग बँकेत सोने तारण, मग बचत गट, आणि हे सगळे संपल्यावर इतर. सोसायटीचे पीककर्ज मुदतीत भरणाऱ्याला व्याजात सवलत मिळते. ती मुदत वहीत लाल शाईने लिहून ठेवा.

मात्र एक करा. कर्ज फेडत असतानाही दोन-तीन हजार रुपये वेगळे राहू द्या. नाहीतर रात्री मूल आजारी पडले की पुन्हा त्याच दारात जावे लागते.

दवाखान्याचाही एक धडा आहे. आम्ही आत्याबाईंना जवळच्या दवाखान्यात नेले, कारण दुसरे काही सुचलेच नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना प्रत्येक दवाखान्यात नसते. आपल्या भागातल्या कोणत्या दवाखान्यात ती चालते, हे आजच, घरात सगळे धडधाकट असताना, विचारून ठेवा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत घालून ती खुंटीला टांगा.

पैसा ठेवायचा कुठे?

वाकळेत नाही, हे तर झालेच. पत्र्याच्या पेटीत वाळवी लागते, कणगीत उंदीर लागतात आणि खिशात मित्र लागतात.

आत्याबाईंच्या त्या शंभराच्या सात नोटांतून मी पोस्टात धाकटीसाठी पाच वर्षांचे आवर्ती ठेवीचे खाते काढले. महिन्याला शंभर. पहिले सात हप्ते आत्याबाईंचे, पुढचे दुधाच्या पगारातले. २०२२ मध्ये सात हजारांच्या थोडे वर हाती आले आणि धाकटीच्या बारावीनंतरच्या प्रवेशाला लागले. रक्कम मोठी नव्हती. पण त्या दिवशी कोणाच्या दारात जावे लागले नाही.

बँकेतल्या ठेवीला माणशी, प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा २०२० पासून झाली. सहकारी बँकेलाही ते लागू आहे. पण पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नसतो. म्हणून दोन टक्के जास्त व्याज देणाऱ्या पाटीकडे पाहून सगळा पैसा एका जागी ठेवू नका. भिशीही ओळखीची, लहान आणि तोंडावर हिशेब होणारी असेल तरच.

बचत गट आपल्याला नवा नाही. १९९२ पासून नाबार्डने गट बँकांना जोडायला सुरुवात केली. आमच्या गटात बारा जणी आहेत. महिन्याला शंभर रुपये, आणि गरजवंतीला त्यातूनच कर्ज. व्याज भरले तरी ते गटातच राहते, म्हणजे आपल्याच ताटात. पण हल्ली दर आठवड्याला हप्ता वसूल करणाऱ्या कंपन्याही "गट" म्हणूनच दारात येतात. त्यांच्यात बचत नसते, नुसते कर्ज असते. नावाला फसू नका.

आमच्या तालुक्यातली एक गोष्ट अभिमानाने सांगते. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यात पालावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोजचे थोडेथोडे पैसे ठेवायला ती बँकेत गेली, तर एवढ्या लहान रकमेला कोणी खाते देईना. त्यातून चेतना गाला सिन्हा यांनी इथल्या बायकांना घेऊन बँक काढायचे ठरवले. अर्जदार बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेकडून पहिला अर्ज परत आला. बायका लिहायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. लिहिता येत नसले तरी व्याजाचा हिशेब आम्हांला तोंडी येतो, असे त्यांनी ठणकावून सांगितले. १९९७ साली म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. लहान रकमेला लाजायचे नाही, हे मी त्या बायकांकडून शिकले.

आणखी एक. बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा. आयुर्विम्यात पन्नाशीपर्यंत नाव घालता येते. दोन्हींचे पैसे मे महिन्याच्या अखेरीस आपोआप कापले जातात, तेव्हा त्या सुमारास खात्यात तेवढे शिल्लक ठेवा. कर्ता माणूस गेल्यावर बाईला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, म्हणून हे सांगते.

आज रात्री एवढे करा

आता त्या वहीचे शेवटचे पान. त्यावर मी सगळे लिहून ठेवले आहे. पोस्टाचे पुस्तक कुठे, बँकेचे कुठे, गटात किती, कोणाचे देणे, कोणाकडून येणे. प्रत्येक खात्याला वारस कोण लावला, तेही. मालकांना ठाऊक आहे, मुलांना ठाऊक आहे. माझे स्वतःचे, अंड्यांचे आणि खुरपणीचे पैसेही तिथे लिहिलेले आहेत, आणि ते माझ्या विचारल्याशिवाय कोणी हलवायचे नाहीत असे ठरले आहे. ते पाळलेही जाते. हा भरवसा आत्याबाईंना आम्ही दिला असता तर त्यांना वाकळ शिवत बसावे लागले नसते.

त्याच पानाला ती पाचशेची जुनी नोट चिकटवली आहे. वही उघडली की ती दिसते.

तुमच्या घरातही एखादी म्हातारी असेल, जी पदराची गाठ कोणाला सोडू देत नाही. तिच्यावर हसू नका आणि तिचे पैसे मागूही नका. आज रात्री जेवणे झाल्यावर तिच्याजवळ बसा. म्हणा, "आत्या, तुमचं तुमच्याच नावानं पोस्टात ठेवू. पुस्तक तुमच्याच उशाला राहील. फक्त आम्हांला ठाऊक असू द्या." ती लगेच ऐकणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. आणि आपल्या डाळीच्या डब्यात काय आहे, तेही त्याच वेळी सांगून टाका.

माझ्या आत्याबाई डाव्या हाताने दोन महिने मला हेच सांगत होत्या. मला वाटले, त्यांना थंडी वाजते आहे.